हॅरिस शील्ड : ढाल नक्की कोणाची?



मुंबईतल्या कुठल्याही जुन्या शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे नाहीतर जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात एखादी तरी ढाल दिसतेच. लाकडी पाट, मध्ये चकाकणारी चकती, भोवती छोट्या पट्ट्या आणि त्यांवर सालं कोरलेली. स्नेहसंमेलनाच्या आधी शिपाईकाका ती पुसून ठेवतात. मुलं रोज तिच्यासमोरून जातात, पण ही ढाल कसली, कोणी मिळवली, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून आज आपल्या मुंबईतल्या सगळ्यात नावाजलेल्या शालेय ढालीबद्दल बोलूया. तिचं नाव हॅरिस शील्ड.

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्याआधी ते इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. त्यांच्या नावाची ही ढाल आंतरशालेय क्रिकेटसाठी आहे, १६ वर्षांखालच्या मुलांची. तिची धाकटी बहीण म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांची जाइल्स शील्ड. दोन्ही स्पर्धा शंभराहून जास्त वर्षं जुन्या, आणि मुंबईतल्या शाळांची क्रीडा संघटना त्या भरवते.

इथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, गोऱ्या साहेबाचं नाव अजून का ठेवलंय?" प्रश्न चांगला आहे, तो दाबू नका. १८९३ साली मुंबईत दंगली पेटल्या तेव्हा हे गव्हर्नरसाहेब पुण्याजवळ गणेशखिंडीत होते. ते मुंबईला लवकर परतले नाहीत म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. हेही मुलांना सांगायला हवं. ढालीवर नाव साहेबाचं राहिलं, पण तिला मोठं केलं ते गिरगाव-दादर-परळच्या चाळींतून, वाड्यांतून खांद्यावर किटबॅग टाकून निघालेल्या पोरांनी. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये ती बॅग घेऊन चढणं हीच पहिली मॅच. मग आझाद मैदान, जिथे एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो.

शाळांची नावं बघा. दादरच्या हिंदू कॉलनीतलं किंग जॉर्ज, म्हणजे आजचं राजा शिवाजी विद्यालय. तिथे दिलीप वेंगसरकर शिकले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेने १९७७ साली पहिल्यांदा जाइल्स शील्ड जिंकली, तेव्हा कर्णधार होता रवी शास्त्री. धोबीतलावच्या सेंट झेवियर्समधून सुनील गावस्कर आले. आणि दादरचं शारदाश्रम विद्यामंदिर! रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून तिथे आला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. मैदान जवळ पडावं एवढ्यासाठी.

आता या ढालीच्या इतिहासातला सगळ्यांना माहीत असलेला सामना घेऊ. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. १६ वर्षांचा विनोद कांबळी नाबाद ३४९, १४ वर्षांचा सचिन नाबाद ३२६. दोघांची अखंड भागीदारी ६६४ धावांची. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला, तोही आचरेकर सरांनी फोनवर ठणकावल्यावर. एवढं आपण सगळेच सांगतो आणि थांबतो.

मी वर्गात इथून पुढे सुरू करतो. फळ्यावर ६६४ लिहितो आणि विचारतो, "त्या दिवशी मैदानावर अजून कोण कोण होतं?"

पहिलं उत्तर : पुढचा फलंदाज. त्याचं नाव अमोल मुझुमदार. तोही आचरेकर सरांचाच शिष्य. तो पॅड बांधून बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. पुढे हाच मुलगा मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात, १९९४ साली, २६० धावा करून गेला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याने ११,००० हून जास्त धावा केल्या, २००६-०७ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. तरी भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुन्हा पॅड बांधून बसणंच! आणि मग २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार.

दुसरं उत्तर : गोलंदाज. सेंट झेवियर्सच्या साईराज बहुतुलेने त्या डावात १८२ धावा दिल्या, बळी एकही नाही. विचार करा, तुमच्या मुलाचं असं झालं असतं तर संध्याकाळी घरी काय बोलणं झालं असतं? "बास झालं क्रिकेट, अभ्यासाला बस." पण साईराज थांबला नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याने ६०० हून जास्त बळी घेतले, २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला, नंतर प्रशिक्षक झाला.

तिसरं उत्तर : ज्या दोघांनी ६६४ केल्या ते. एकच खेळपट्टी, एकच गुरू, सारखंच कौतुक. त्या दिवशी जास्त धावा विनोदच्या होत्या, शिवाय त्याने गोलंदाजीत सहा बळीही घेतले. सचिन २०० कसोटी खेळला. विनोद १७, आणि त्यांत सरासरी ५४ ची! शाळेतल्या आकड्यांवरून पुढचं आयुष्य मोजता येत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आणि चौथं उत्तर, जे मुलं सगळ्यात उशिरा देतात : उरलेली मुलं. झेवियर्सचे क्षेत्ररक्षक उन्हात ७४८ धावांमागे धावले. शारदाश्रमच्या तंबूत न खेळताच बसलेले होते. कोणी तरी स्कोअर लिहीत होतं. यातली बहुतेक मुलं पुढे बँकेत, कंपनीत, दुकानात लागली असतील. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांच्याशिवाय तो सामना झालाच नसता.

पालकहो, हे सगळं सांगण्यामागे कारण आहे. शालेय क्रिकेटमध्ये आता आकडे फार मोठे झालेत. २००९ मध्ये सर्फराज खानने हॅरिस शील्डमध्ये ४३९ केल्या, २०१३ मध्ये १४ वर्षांच्या पृथ्वी शॉने ५४६. कौतुक करायलाच हवं. पण अशा एका डावाची बातमी आली की पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पालक चौकशीला येतात : कोणती शाळा, कोणती अकादमी, सातवीतच बदलली तर चालेल का? मुलाला काय वाटतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. सचिनने शाळा बदलली हे खरं. पण शाळा बदललेल्या प्रत्येक मुलाचा सचिन होत नाही. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला पॅड बांधून बसणंच येतं.

आणि ते वाया जातं का? माझं मत विचाराल तर, नाही. दुसऱ्याच्या चौकारावर मनापासून टाळी वाजवणं, मार पडत असताना पुढचं षटक मागून घेणं, पाळी येईल म्हणून तयार राहणं आणि नाही आली तरी दुसऱ्या दिवशी सरावाला येणं, हे गणिताच्या तासाला शिकवता येत नाही. मात्र संघातल्या पंधराव्या मुलाकडेही आपलं लक्ष असेल तरच ते शिकलं जातं.

ढाल तशी शाळेला मिळते, एका मुलाला नाही. ती कोणी घरी नेत नाही. पुढच्या वर्षी ती परत करायची असते, दुसऱ्या कोणासाठी.

तेव्हा एक छोटा उपक्रम सुचवतो. तुमच्या शाळेच्या कपाटातल्या एखाद्या ढालीचं साल मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. त्या वर्षीच्या संघातलं कोणी भेटतं का ते शोधू द्या, माजी विद्यार्थी, जुने शिक्षक, शेजारचे आजोबा, कोणीही. त्यांना प्रश्न एकच विचारायचा : "त्या दिवशी तुम्ही काय करत होता?" "मी राखीव होतो" असं उत्तर आलं, तर तेही शुद्धलेखन तपासून शाळेच्या फलकावर लावा.