नातवाचा उंदीर

घरांत उंदीर शिरला म्हणजे पिंजरा लावावा, हा आमच्या पिढीचा साधा शास्त्रार्थ. परंतु गतवर्षीं आमच्या घरांत जो उंदीर शिरला तो चिरंजीवांनीं स्वतः पैसे मोजून आणला होता, आणि त्यास पिंजऱ्यांत घालण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिलेला नव्हता. तरी तो आम्हीं गाजविला. त्याचीच ही हकीकत आहे. वाचकांपैकीं जे आजोबा असतील त्यांस ती कदाचित् उपयोगीं पडेल. जे नातू असतील त्यांस थोडें हंसूं येईल.

उंदीर म्हणजे अर्थात् संगणकाचा माऊस. त्यांतही साधा नव्हे, 'गेमिंग माऊस'. किंमत साडेतीन हजार रुपये. आमच्या मास्तरकीच्या पहिल्या पगाराची ती सहज दसपट होईल. पाठीवर रंग बदलणारा दिवा, अंगठ्याच्या बाजूस दोन जादा कळा, चाकाच्या मागें आणखी एक. आमचा नातू अकरावींत आहे. शाळा, क्लास व जेवण आटोपलें कीं तो हा उंदीर घेऊन संगणकापुढें बसे, आणि पांच गड्यांविरुद्ध पांच गड्यांची 'काऊंटर-स्ट्राइक' नांवाची लढाई सुरू होई. बंदुकांचे आवाज कानांवर पडत. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, बाळपणीं पाठशाळेंत अमरकोश घोकलेले, आणि पुढें जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेले. हें पाहून आमचें मन शांत कसें राहावें?

सहामाही परीक्षेस पंधरा दिवस उरले असतां आम्हीं एके सकाळीं तो उंदीर उचलला आणि आमच्या पोथ्यांच्या कपाटांत कुलूपबंद केला. आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, त्याच्या बापानं आणलाय तो." आम्हीं ऐकलें नाहीं. नातू इतकेंच म्हणाला, "ठीक आहे, आजोबा." परीक्षा झाली. गुण मागील खेपेइतकेच पडले. बंदीचा लाभ काय झाला, हें आम्हांस कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही होऊन तो विषय काढला नाहीं. उंदीर मुकाट्यानें परत दिला.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी त्या वेळीं घरांत कोणासही ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून आमच्या उजव्या हातास कंप आहे. वयाबरोबर येणारा आहे, घातक नाहीं, पण पुरता जाणारही नाहीं, असा डॉक्टरांनीं निकाल दिला होता. चहाचा पेला आम्ही दोन्ही हातांनीं धरूं लागलों, आणि कोणीं विचारलें तर "थंडी आहे" असें सांगत असूं. परंतु पेल्याहून मोठी अडचण निराळीच होती. आमचे तीर्थरूप कीर्तनकार होते. त्यांनीं स्वहस्तें लिहिलेली आख्यानांची दोनशे बारा पानांची वही आमच्यापाशीं आहे. कागद हात लावतां झडतो. चिरंजीवांनीं त्या पानांचीं छायाचित्रें संगणकांत घालून दिलीं होतीं, आणि पडद्यावर एकेक ओळ मोठी करून ती टंकलिखित करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें होतें. नव्वद पानें झालीं. पुढें मात्र बाण ओळीवर ठरेना. एकदां दाबावें तों दोनदां दाबलें जाई. पान उघडावयाचें तें भलतीकडेच जाऊन पडे. शेवटीं "डोळे दुखतात" असें सांगून आम्हीं काम बंद केलें. डोळे उत्तम होते.

मार्गशीर्षांतील एके रात्रीं पाणी पिण्यास उठलों असतां नातवाच्या खोलींत उजेड दिसला. रागावण्याच्या तयारीनेंच आंत गेलों. परंतु पडद्यावर ना बंदुका ना गडी! करड्या पटावर लहान लहान गोळे उमटत होते. एक टिपला कीं दुसरा निराळ्या जागीं. तो एकामागून एक टिपीत होता, आणि कागदावर आंकडे मांडीत होता.

"हा कसला खेळ?" आम्हीं विचारलें.

"खेळ नाही, आजोबा. सराव. रोज वीस मिनिटं करतो."

'सराव' हा शब्द ऐकून मास्तराचा राग अर्धा उतरतो. आम्ही खुर्ची ओढून बसलों, आणि चाळीस वर्षें शिकविणाऱ्या माणसानें नातवापाशीं पहिला धडा घेतला.

त्यानें उंदीर उलटा करून दाखविला. पोटाशीं एक बारीक दिवा असतो. त्याच्या उजेडांत एक इवलासा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचीं चित्रें टिपतो, एका सेकंदांत हजारों! लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून हात किती व कोणीकडे सरकला हें तो ठरवितो. साधा माऊस ही बातमी संगणकास बहुधा सेकंदांत सव्वाशें वेळां कळवितो. हा हजार वेळां. माऊस इंचभर सरकला असतां किती खुणांची मोजणी व्हावी, त्या मापास हीं मुलें 'डीपीआय' म्हणतात. डब्यावर सोळा हजारांची बढाई छापलेली होती.

"मग तूं सोळा हजारांवर खेळतोस?"

"छे! आठशेंवर. मोठे मोठे खेळाडूसुद्धां चारशें-आठशेंवरच खेळतात. जास्त ठेवला तर हात जरा हलला कीं नेम गेला. कमी ठेवायचा आणि मनगटाऐवजी सगळा हात फिरवायचा."

विकणारा सोळा हजार सांगतो, आणि जाणता आठशेंवर थांबतो! आम्हीं मनांत म्हटलें, हें आमच्या एखाद्या सुभाषितकारास सुचावयास हवें होतें.

पुढचे दोन दिवस आम्हीं या प्राण्याची वंशावळ शोधण्यांत घालविले. त्याचा मूळपुरुष लांकडी होता. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं तो १९६४ मध्यें घडविला. पोटाखालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें, आणि वर एकच कळ. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं तो लोकांपुढें चालवून दाखविला. १९७० मध्यें त्याचें पेटंट मिळालें. मनुष्याची बुद्धि यंत्राच्या साह्यानें वाढावी, हा त्यांचा हेतु. खेळ त्यांच्या मनांतही नव्हता. खेळणाऱ्यांनीं तो पुढें आपलासा केला. १९९६ मध्यें 'क्वेक' हा खेळ निघाला. तोंपर्यंत पुष्कळ जण नुसत्या कळफलकावर लढत. डाव्या हातीं कळा व उजव्या हातीं माऊस ही रीत रूढ होण्यास डेनिस फाँग या तरुण खेळाडूचें उदाहरण फार कारणीभूत झालें. त्यानें १९९७ मध्यें 'क्वेक'ची मोठी स्पर्धा जिंकली, आणि त्या खेळाच्या कर्त्यांपैकीं जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार त्यास बक्षीस मिळाली. २०२३ मध्यें चीनमधील हांगझौ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तर अशा खेळांस पदकेंही होतीं. ज्यास आम्ही रिकामपणाचा उद्योग समजत होतों, त्यास एवढा इतिहास असेल असें वाटलें नव्हतें.

तरी आमची एक शंका उरली होती. "रोज तेच गोळे टिपून काय होतें?"

तो म्हणाला, "आजोबा, विचार करायला वेळच नसतो. हाताला आपोआप कळलं पाहिजे. म्हणून माऊस बदलायचा नाही, माप बदलायचं नाही, वजनसुद्धां बदलायचं नाही. बदललं कीं हात पुन्हां पहिल्यापासून शिकतो."

हें ऐकतांच आम्हांस आदिपर्वांतील अर्जुन आठवला. पक्ष्याच्या डोळ्याचा नव्हे. तो सर्वांस पाठ आहे. अर्जुन रात्रीं जेवीत असतां वाऱ्यानें दिवा विझला; तरी त्याचा हात अंधारांत बरोबर मुखापाशींच जात राहिला. संवयीनें हाताला वाट दिसते, हें ध्यानीं येऊन तो रात्रीं धनुर्विद्येचा सराव करूं लागला, आणि प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्यांनीं उठून त्यास आलिंगन दिलें. ही गोष्ट आम्हीं वर्गांत कमींत कमी तीस वेळां सांगितली असेल. आमच्याच घरांत रात्रीं तसाच टणत्कार होत होता, आणि आम्हीं काय केलें? धनुष्य कपाटांत घातलें!

एक शब्दाची गंमत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपला 'मूषक' आणि इंग्रजांचा 'माऊस' हे एकाच कुळांतले. स्नायूस इंग्रजींत जो 'मसल' शब्द आहे, तोही लॅटिनमध्यें 'लहानगा उंदीर' या अर्थाचा. तेव्हां हातांतला उंदीर शिकतो तो दंडांतल्या उंदराच्या जोरावर, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या रात्रीं त्यानें गोळे टिपावयास आम्हांस बसविलें. पन्नासांपैकीं सात लागले. तो हंसला नाहीं. आम्हींच हंसण्यावारी नेलें आणि निजावयास गेलों.

तिसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे आला. "आजोबा, एकदां हा धरून बघा." उंदराच्या पाठीवरचा दिवा हिरव्याचा केशरी झाला होता. एकाच माऊसच्या पोटांत दोन-चार जणांच्या संवयी सांठविण्याची सोय असते. त्यांपैकीं एकीस त्यानें 'आजोबा' असें नांव दिलें होतें. माप चारशेंवर आणलेलें. अंगठ्याजवळची एक कळ धरून ठेवली कीं बाण आणखी मंद चालतो. दूरच्या लक्ष्यावर नेम धरण्यासाठीं खेळाडूंना ती दिलेली असते. दुसऱ्या कळेवर त्यानें दोनदां दाबण्याचें काम नेमून दिलें होतें, म्हणजे आम्हीं एकदांच दाबावें. आणि पोटाचें झांकण उघडून, पूर्वीं त्यानें काढून ठेवलेलीं पांच बारीक वजनें पुन्हां बसविलीं होतीं, हाताखालीं माऊस जड व स्थिर राहावा म्हणून.

"तुला कोणीं सांगितलें?" आम्हीं विचारलें.

"कोणी नाही. परवां तुमचा नेम पाहिला ना. नेम चुकणं वेगळं आणि हात थरथरणं वेगळं. पडद्यावर लगेच कळतं."

घरांतल्या चार मोठ्या माणसांच्या ध्यानीं जें आलें नव्हतें, तें या पोरानें पन्नास गोळ्यांत ओळखलें होतें. आम्ही वहीच्या एक्क्याण्णवाव्या पानावर गेलों. बाण ओळीवर जाऊन थांबला. वडिलांचें अक्षर डोळ्यांपुढें मोठें झालें, आणि पुढें कांहीं वेळ तें आम्हांस नीट वाचतां आलें नाहीं. या वेळीं मात्र दोष खरोखरच डोळ्यांचा होता.

याउपर महिन्यानें सूनबाईंकडून एक गोष्ट कळली. आम्हीं दुपारीं उंदीर वापरावयाचा, त्यानें रात्रीं. रोज वजनें काढघाल केल्यास झांकणाची खांच झिजेल, म्हणून त्यानें तीं आंतच राहूं दिलीं होतीं. म्हणजे वर्षभर घोटलेला स्वतःचा हात मोडून तो जड उंदरावर पुन्हां पहिल्यापासून शिकत होता! त्या महिन्यांत तो पुष्कळ सामने हरला, आणि गड्यांचे टोमणेही त्यानें सोसले. आम्हांस अक्षरानें कळूं दिलें नाहीं.

आम्हीं त्यास हांक मारली आणि म्हटलें, "आमचें चुकलें. कपाटाचें आणि एकंदरींतच." मास्तरकीच्या सबंध काळांत हें वाक्य आम्हीं विद्यार्थ्यापाशीं कधीं उच्चारलें नव्हतें, तें जड गेलें, पण गेलें. दुसऱ्या दिवशीं पेन्शनमधून आम्हीं आमचा स्वतंत्र उंदीर आणला.

याचा अर्थ आम्हीं सर्व शस्त्रें खालीं ठेवलीं असा नव्हे. तासाभरानें मनगटास विसांवा द्यावा, अकरानंतर दिवा विझावा, बंदुकीचा आवाज कानांतल्या यंत्रांतच राहावा, हीं कलमें उभयपक्षीं मान्य झालीं आहेत. अति खेळानें हात दुखतात, झोंप मोडते, हें खरेंच आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं निषेध करण्यापूर्वीं खुर्ची ओढून शेजारीं अर्धा तास बसावें. मुलाच्या हातांत काय आहे तें दुरून दिसतें. तो हात काय शिकत आहे तें जवळ बसल्यावांचून दिसत नाहीं.

वहीचीं एकशे ऐशीं पानें पुरीं झालीं आहेत. परवां वार्षिक परीक्षेचें वेळापत्रक लागलें. संध्याकाळीं नातू आपला उंदीर दोरीसकट गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, कपाट उघडा. पेपर होईपर्यंत माझा आंत ठेवतो. तुमचा बाहेरच असूं द्या."

त्यानें तो पोथ्यांशेजारीं ठेवला. आम्हीं दार लोटून घेतलें. कुलूप मात्र घातलें नाहीं.