नाचबंदीच्या मुलखातलं नाटक

ओक्लाहोमाची माती लाल आहे! थेट राजापूर-लांज्याची आठवण व्हावी इतकी लाल. फरक एवढाच, की कोकणातली माती चढउतारांत आणि झाडाझुडपांत दडलेली असते, ही मात्र क्षितिजापर्यंत उघडी पसरलेली. मध्येच हिरव्यागार गव्हाचा पट्टा लागतो, मध्येच तेल उपसणारे लोखंडी पंप संथपणे माना वरखाली करत उभे असतात. आणि वर आभाळ. केवढं आभाळ! सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाची नजर कुठं ना कुठं डोंगराला टेकते. इथं ती टेकतच नाही. रस्त्याकडेला रेडबड फुललेले होते. झाडावर पान एकही नाही, पण काळपट फांद्या जांभळ्या-गुलाबी फुलांनी नुसत्या लगडलेल्या. हे आपल्या कांचनाच्या कुळातलं झाड, आणि ओक्लाहोमाचा राज्यवृक्ष.

याच मुलखात एल्मोर सिटी आहे. वस्ती हजाराच्याही आत; आपल्याकडं एवढ्या वस्तीला वाडी म्हणतील. या गावात १९८० पर्यंत सार्वजनिक नाचाला बंदी होती! नियम केला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. ओक्लाहोमा राज्य झालं १९०७ साली, म्हणजे राज्याच्या जन्माआधीपासून नाचबंदी. गावातल्या दारूबाजीला आळा बसावा, हा त्यामागचा हेतू. मग १९८० मध्ये तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी मागणी केली, की आम्हाला प्रॉम हवा. प्रॉम म्हणजे शाळेचा नाचाचा समारंभ. नवे कपडे, फुलं, सजवलेला हॉल; अमेरिकन पोरं वर्षभर त्याची वाट बघतात. धर्मोपदेशकांनी विरोध केला, गावात दोन तट पडले, शाळेच्या मंडळातही मतं दुभंगली. अखेर परवानगी मिळाली आणि मुलं नाचली.

या घटनेवरून डीन पिचफर्ड या गीतकारानं पटकथा लिहिली आणि १९८४ साली ‘फुटलूज’ हा चित्रपट आला. पुढं त्याचंच संगीतनाटक झालं. २२ ऑक्टोबर १९९८ ला ते ब्रॉडवेवर उघडलं आणि त्याचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. तिथून ते शाळाशाळांत पोचलं. म्हणजे ज्या मुलखातून कथा निघाली, तिथली पोरं आता ती गाऊन-नाचून सादर करतात! मी तो प्रयोग त्याच भागातल्या एका छोट्या गावाच्या शाळेत पाहिला, आणि अजून त्याच्या अमलाखाली आहे.

शाळेचं नाट्यगृह बघूनच मी थबकलो. आपल्या तालुक्याच्या गावाला अभिमान वाटावा असा रंगमंच, वर दिव्यांच्या रांगा, आणि पुढं वादकांसाठी खोलगट जागा. बाहेर पालकांनी घरी केलेले केक आणि कुकीज टेबलावर मांडलेल्या. विक्रीचे पैसे नाटकाला. शेतकरी आजोबा काऊबॉय टोपी मांडीवर ठेवून बसलेले, आज्यांच्या हातांत नातवंडांसाठी फुलांचे गुच्छ, लहान पोरं खुर्च्यांवर उड्या मारतायत. आपल्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची सगळी लगबग, फक्त गोंगाट निम्मा.

दिवे मालवतात. आणि खालून एकदम ड्रम, ट्रम्पेट, गिटार! वाजवणारीही शाळेचीच मुलं. चाळीसएक पोरं-पोरी रंगमंचावर झेपावतात आणि त्यांच्या टाचांच्या तालानं माझ्या पायांखालची लाकडी जमीन थरथरते. तांबडे, निळे, पिवळे शर्ट, जीन्स, गिरक्या, टाळ्या. शिकागो शहरातला रेन हा मुलगा, बाप सोडून गेल्यामुळं आईबरोबर बोमाँट नावाच्या खेड्यात राहायला येतो आणि कळतं, की इथं नाचायला कायद्यानं मनाई आहे. नाचाहून परतताना गावची काही मुलं पुलावरच्या अपघातात गेली होती. त्यांत एक धर्मोपदेशकांचा मुलगा. त्या बापानंच ही बंदी आणली.

इथं माझ्या मनात खळबळ माजली. आपण ज्या मातीत वाढलो, तिथं भक्ती नाचतेच. गळ्यात वीणा घेऊन कीर्तनकार स्वतः नाचतात, वारीच्या वाटेवर सत्तरीचे आजोबा पावल्या टाकतात, फुगड्या घालतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि इथं देवाच्या नावानं पाय बांधून ठेवलेले! पण लगेच हेही आठवलं, की आपल्याकडं कुलीन घरच्या बायकांना रंगमंच कित्येक वर्षं बंद होता. बालगंधर्वांच्या काळात स्त्रीभूमिका पुरुषच करत. पाय बांधायला प्रत्येक समाजाला आपापली कारणं सापडतात.

विलर्ड नावाच्या पात्राला नाचता येत नाही, तो नाच शिकतो, असा एक प्रसंग आहे. ते काम करणारा मुलगा रुंद खांद्यांचा, अंगापेरानं थेट आपल्या तालमीतला पैलवान. मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याचे ओठ हलताना दिसत होते: एक, दोन, तीन, चार. बुटांची टोकं घासून पांढरी पडलेली. केवढी तालीम केली असेल या पोरानं! अडखळण्याचा अभिनयही तालात, आणि मग एका क्षणी पाय सुटतात, तो गरकन फिरतो, आणि आख्खं नाट्यगृह उठून शिट्ट्या मारतं. माझ्याही तोंडून ‘वन्स मोअर’ निघून गेलं!

मग ग्रामसभेचा प्रवेश. रेन उभा राहतो, हातात बायबल. तो गावाला सांगतो, की याच पुस्तकात राजा दावीद देवापुढं देहभान विसरून नाचतो. याच पुस्तकात म्हटलंय, की प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, आणि नाचण्याचीही असते. वडीलधाऱ्यांचाच ग्रंथ वडीलधाऱ्यांसमोर उघडून, आवाज न चढवता, पुरेपूर आदरानं! तरीही सभा त्याची मागणी फेटाळते. मी आजूबाजूला पाहिलं. रविवारी न चुकता चर्चला जाणारी ही माणसं श्वास रोखून ऐकत होती.

आणि खरा कळस त्याच्यानंतर आहे. रेन एकटाच धर्मोपदेशकांकडं जातो. एकाचा बाप सोडून गेलाय, दुसऱ्याचा मुलगा गेलाय. तिथं वाद उरतच नाही. धर्मोपदेशक झालेल्या मुलानं कानशिलांवर पांढरी पावडर लावली होती; मान खाली घातली तेव्हा ती थोडी काळ्या कोटावर सांडली. सोळा-सतरा वर्षांचं ते पोर, पण त्या क्षणी मला पोटचा मुलगा गमावलेला बापच दिसत होता. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. बंदी उठते ती या दोघांनी एकमेकांचं दुःख ओळखल्यामुळं. शेवटी गाव नाचतं, धर्मोपदेशकही नाचतात, आणि प्रेक्षागृहातल्या आज्या उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरतात.

मला सर्वात मोठं आश्चर्य वाटलं ते या गावाच्या भरवशाचं. आपल्याच मुलखाचा अवघड इतिहास त्यांनी पोरांच्या हाती दिला. गाणं, नाच, वादन, दिवे, नेपथ्य, सगळं मुलांचं. आणि मोठी माणसं समोर बसून ऐकतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं ते १८८० साली! संगीत नाटकाचं एवढं जुनं घराणं आपलं, आणि आपल्या बहुतेक शाळांच्या गॅदरिंगमध्ये मात्र तयार गाण्यांवर चार-चार मिनिटांचे नाच होतात आणि बक्षीस समारंभ होतो.

मुख्याध्यापक सर, मॅडम, माझी एवढी विनंती ऐकाच. येत्या स्नेहसंमेलनात एकच अख्खं संगीत नाटक करा. पेटी-तबल्यावर शाळेतली मुलं बसवा, कबड्डीच्या संघाला नाचायला लावा, विषय आपल्याच गावातला घ्या, अवघड असला तरी घ्या. आणि पहिल्या रांगेत सगळ्या गावकऱ्यांना बसवा. आपली पोरं तसूभरही कमी पडणार नाहीत.