छत्र आणि सतरंजी

तंजावरास बदली झाल्याचा हुकूम हाती पडला, तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते सरफोजी महाराजांनी नावारूपास आणलेले सरस्वती महाल ग्रंथालय. कन्येच्या शाळेची आठवण त्यानंतर झाली. बापाने असा क्रम लावू नये, हे खरे. केंद्रीय विद्यालय घरापासून दूर पडू लागले म्हणून मुलीचे नाव गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेत घातले आणि आम्ही निश्चिंत झालो.

एका रविवारी ओरत्तनाडला जाऊन मुक्तांबाळ छत्र पाहून आलो. सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) तेथे वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना विनामूल्य शिक्षणही. परमुलखातील हे मराठी विद्यादान पाहून आमची छाती फुगली. परंतु परतताना एक शंका मनात आली : त्या मुलांच्या आईबापांना कोणी काही विचारीत असेल काय? दात्याने द्यावे आणि घेणाऱ्याने दुवा द्यावा, एवढाच तो व्यवहार. १८५५ मध्ये शिवाजीराजे वारले, गादीला पुत्र नव्हता, राज्य खालसा झाले आणि छत्रांचे भवितव्य परक्या कचेरीच्या मर्जीवर राहिले.

त्याच आठवड्यात शाळेतून व्यवस्थापन समितीच्या सभेचे बोलावणे आले. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने अशा समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि निम्म्या जागा स्त्रियांना. समितीने केलेला शाळेचा विकास आराखडा हाच सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या अनुदानाचा पाया असावा, असेही त्यात म्हटले आहे. कलमे आम्हांस पाठ होती. सभेस जाण्याची इच्छा मात्र नव्हती. "आम्ही बदलीची माणसे," हे पालुपद आम्ही यापूर्वीही दोन शहरांत म्हटले होते.

वास्तविक दोष बदलीचा नव्हता. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. अशाच एका शाळेत आम्ही शिकलो. वडील निकालाखेरीज तिची पायरी चढले नाहीत. "शाळा जिल्हा परिषदेची," असे ते म्हणत. जिल्हा परिषद कोणाची, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि आम्हीही नाही.

शेवटी सौभाग्यवती निघाल्या, म्हणून आम्ही मागोमाग गेलो. सतरंजीवर वीसएक बाया बसल्या होत्या. अध्यक्षीणबाई फुले विकणाऱ्या. मुख्याध्यापिकांनी आराखड्याचा मसुदा वाचला : भिंतींवर चित्रे, संगणक, फाटकाला रंग. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सौभाग्यवती उठल्या आणि मोडक्या तमिळमध्ये एवढेच म्हणाल्या, "मुलींच्या शौचालयात तण्णी इल्लै." आमची मुलगी म्हणे दिवसभर घोटभरही पाणी पीत नसे, शाळेत जावे लागू नये म्हणून. आम्ही बाप, आम्हांस हे त्या सभेत कळले!

क्षणभर शांतता पसरली. मग एकेक आई बोलू लागली. प्रत्येकीच्या मुलीची तीच कथा होती. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला, आणि पाण्याची मागणी यादीच्या शेंड्यावर गेली.

ठराव झाला, परंतु नुसत्या ठरावाने नळ येत नसतो, हे कारकुनाला सांगावे लागत नाही. अंदाजपत्रक जोडावे लागते, अर्ज योग्य टेबलावर पोचवावा लागतो. तेवढे आमच्या हातचे होते. आम्ही इंग्रजीत मसुदा केला, मुख्याध्यापिकांनी तो तमिळमध्ये उतरविला, अध्यक्षीणबाईंनी सही केली. अर्ज घेऊन आम्ही दोघे आणि त्या असे तिघे कचेरीत गेलो. समोरचा कारकून आमच्याच जातकुळीचा. त्याने पाहिले, शिक्का मारला.

नळ अद्याप आलेला नाही. आमची बदली कदाचित त्याआधी येईल. म्हणून आवक क्रमांक दोन ठिकाणी टिपून ठेवला आहे : एक आमच्या डायरीत, आणि दुसरा अध्यक्षीणबाईंच्या फुलांच्या हिशेबाच्या वहीत. त्या काही बदलून जाणार नाहीत.