पाणी खरं, गोष्ट जुनी, आणि भाषा?

जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार' आला २००९ मध्ये, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. दुसरा भाग, 'द वे ऑफ वॉटर', यायला डिसेंबर २०२२ उजाडला. आठवीतल्या भाच्याला घेऊन बडोद्यातच बघितला. ३ तास १२ मिनिटं!

आधी कौतुक. कलाकारांच्या हालचाली खरोखर पाण्याखाली टिपल्या आहेत. पृष्ठभागावरच्या प्रकाशामुळे कॅमेरे गोंधळतात, म्हणून टाकीभर पांढरे छोटे चेंडू तरंगत ठेवले होते. केट विन्स्लेटने सात मिनिटांहून जास्त श्वास रोखला होता. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आता तक्रार. पहिल्या भागात मेलेला क्वारिच नव्या शरीरात परत येतो आणि पुन्हा तोच पाठलाग, शेवटी पुन्हा मोठी लढाई. मुलांना किती वेळा पकडतात आणि सोडवतात, मोजायचं सोडून दिलं. शिवाय काही प्रसंग सेकंदाला ४८ फ्रेम आणि काही २४. मधेच सगळं टीव्ही मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं.

पण मला जास्त खटकली ती एक छोटी गोष्ट. भाषातज्ज्ञ पॉल फ्रॉमर यांनी खास तयार केलेली ना'वी भाषा पहिल्या भागात सबटायटलसकट ऐकू यायची. इथे सुरुवातीलाच जेक सांगतो की इतक्या वर्षांनी ती आता त्याला इंग्रजीसारखीच वाटते. त्यानंतर जवळजवळ सगळे इंग्रजीच बोलतात! प्रेक्षकांची सोय झाली हे खरं, पण त्या घराचा आवाजच गेला.

कारण चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग घर बदलण्याचाच आहे. जेकचं कुटुंब जंगल सोडून समुद्रकाठच्या मेटकायिना लोकांकडे येतं. तिथली मुलं यांच्या बारीक शेपटीला हसतात, लोआकच्या पाच बोटांना हसतात. यांना पोहणंच काय, श्वास घेणंही नव्याने शिकावं लागतं. आई-बापाचं सांगणं एकच : इथल्यासारखं वागा.

बडोद्याच्या मराठी घरांना हे सांगायला नको. कोणी गायकवाडांच्या काळात आलं, कोणी नंतर नोकरीसाठी. माझा भाचा शाळेत इंग्रजी, सोसायटीत गुजराती आणि आजीशी मराठी बोलतो. गुजराती त्याने झकास शिकली, त्यात वाईट काहीच नाही. प्रश्न आजीशी बोलायच्या भाषेचा आहे. लोआक समुद्राची रीत शिकला, पण रात्री घरी जंगलाच्या गोष्टी कोणत्या शब्दांत ऐकायचा? कॅमेरॉनने लढाईची वीस मिनिटं कमी करून हे दाखवलं असतं तर मी तक्रारच केली नसती.

तरीही मुलांबरोबर जरूर बघा, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. आणि मध्यंतरात त्यांच्याशी मराठीत भांडा.