बाबांच्या समोरची भिंत

घराच्या भिंतीवर मोठं चित्र लावायचं म्हटलं की दुकानदार आधी कॅटलॉग उघडतो. धबधबा, बुद्ध, सात पांढरे घोडे, झालंच तर पॅरिसचा टॉवर. पण ती भिंत रोज बघणार कोण, हे कुणी विचारतच नाही. बैठकीतल्या चित्राकडे पाहुणे दोन मिनिटं बघतात, घरचे तर आठवड्याभरात विसरतात.

आमच्या आंबागडच्या घरी गोष्ट वेगळी होती. बाबांना मागच्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून पलंग आणि समोरची दहा फुटी भिंत, एवढंच जग. खिडकीतून शेजाऱ्यांचं घर दिसतं. बोलणं जवळजवळ बंद. दिवाळीत विचारलं, "बाबा, समोर काही लावू का?" तर म्हणाले, "गड."

गड म्हणजे आमच्या गावचा किल्ला. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात, १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने बांधलेला. पुढे भोसल्यांनी त्याचा कैदखाना केला. बाबा साठीपर्यंत तिथे चढायचे.

आता इंजिनिअर म्हटल्यावर गणित आलंच! मोबाईलच्या फोटोची रुंदी ४००० पिक्सेल, भिंत १२० इंच, म्हणजे इंचाला ३३ ठिपके. छपाईवाला नाक मुरडेल. पण पलंगावरून भिंत आठ फूट, आणि तेवढ्या अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही इंचात साधारण ३६ च ठिपके वेगळे कळतात. थोडक्यात, फोटो चालला असता.

अडलं ते ओलीमुळे. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला, तर आतून दव धरलं. पलीकडे न्हाणी, तिथला नळ झिरपत होता. अशा भिंतीवर व्हिनाइलचा कागद लावला की ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि कडा सुटतात. त्यात आपल्याकडे उन्हाळाभर कूलर आणि लगेच पाऊस! नळ दुरुस्त केला, भिंत दोन महिने सुकू दिली आणि कागदाचा विचार सोडून रंगवायचं ठरवलं.

ताई म्हणाली, "वारली काढ ना, छान दिसते." दिसते खरी. पण वारल्यांचा चौक हे लग्नातलं काम आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो काढतात, मधोमध पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर, कापडावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते वेगळं. हॉटेलपासून बाथरूमच्या टाइलपर्यंत सगळीकडे तीच त्रिकोणी माणसं नाचवणं मला काही पटत नाही. असो. बाबांनी गड मागितला होता.

तुमसरहून एक पेंटरकाका मिळाले. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यापासून शाळांच्या भिंती. त्यांनी फोटोवर चौकटी आखल्या, भिंतीवर निळीच्या दोरीने फूट-फूटभर चौकोन मारले आणि गड उतरवायला घेतला. मी पावसाळ्यातला हिरवागार फोटो दिला होता. बाबांनी मान हलवली. पावसाळ्यात झाडी तटबंदी झाकून टाकते. त्यांना फागुनातला गड हवा होता, पानं गळालेला, बुरूज उघडे.

तिसऱ्या दिवशी पेंटरकाका पायवाट काढत होते.

"वाट तेथून नाही जात," मागून आवाज आला. "चिचेच्या मागून जाते."

सात महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून धावत आली. पेंटरकाकांनी मात्र मागे वळूनही न बघता ओल्या फडक्याने वाट पुसली. "बरं बाबूजी, चिच कोठी आहे, सांगा."

मग रोजच भांडण. बुरूज जाडा झाला, पायरी खाली आली, अमुक दगड काळा. शब्द अडतात, अर्धे तोंडातच राहतात, पण हट्ट पक्का. पलंगाच्या उंचीवरून बघूनच सगळं ठरतं, आमच्या उभ्याने बघण्याला काही किंमत नाही.

पळसाचा रंग अजून मंजूर झालेला नाही. पेंटरकाकांनी दोनदा मिसळून बघितला, दोन्ही वेळा उत्तर "नाही". आज सकाळी मी बांधावरून एक फुललेली फांदी तोडून आणली आणि बाबांच्या उशाशी ठेवली. पेंटरकाका उद्या डबे घेऊन येतील.