करवल्या, मैत्रिणी आणि एक 'आर' सिनेमा

'ब्राइड्समेड्स' २०११ च्या मे महिन्यात इथे अमेरिकेत लागला तेव्हा आमची लेक नुकती पावलं टाकायला लागली होती, त्यामुळे थिएटरात जाऊन बघायचा प्रश्नच नव्हता. आता ती सोळा वर्षांची आहे आणि मागच्या आठवड्यात तिनेच विचारलं, "आई, बघू का गं? सगळ्यांनी बघितलाय." (हे 'सगळे' कोण असतात ते आजवर मला कळलेलं नाही.)

सिनेमाला 'आर' सर्टिफिकेट आहे. म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांनी आईबापांबरोबर किंवा कुणा मोठ्या माणसाबरोबर यावं. आपल्याकडच्या 'ए'चं तसं नाही. तिथे १८ च्या आतल्या मुलाला आई हात धरून घेऊन गेली तरी दारावरचा माणूस आत सोडणार नाही, निदान नियम तरी तसा आहे. इकडे सेन्सॉर बोर्डाचं निम्मं काम आईच्या गळ्यात. घरच्या टीव्हीवर तर पूर्णच.

म्हणून आधी एकटीने बघितला, सगळे झोपल्यावर. सासूबाई, तुम्ही हे वाचत असाल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

सुरुवातच बेडरूममध्ये होते. भाषा अशी की मी आवाज कमी करत करत शेवटी नुसती सबटायटल्स वाचत बसले. आणि तो कपड्यांच्या दुकानातला प्रसंग! नायिका ॲनी सगळ्याजणींना एका स्वस्तातल्या ब्राझिलियन हॉटेलात जेवायला नेते, तिथलं मांस बाधतं, आणि नंतर उंची, पांढऱ्याशुभ्र दुकानात एकेकीचं पोट बिघडतं. नवरी लग्नाचा पोशाख घालून भर रस्त्यात... असो. मेलिसा मकार्थी त्या प्रसंगात जे करते ते इथे लिहिता येणार नाही. पण मी तोंडावर उशी दाबून हसले. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं, बरं का!

चावटपणाचं मला तसं वावडं नाही. आमच्या आजोळच्या लग्नांत म्हाताऱ्या बायका विहिणीवर जी गाणी रचून म्हणायच्या, ती ऐकली असती तर इथल्या बोर्डाने त्यांनाही 'आर'च दिलं असतं. आम्ही पोरं तिथेच बसून लाडू खात असायचो. ॲनीचं त्या टेडकडे पुन्हा पुन्हा जाणं मात्र मला खुपलं. रात्र संपली की तो तिला घराबाहेर काढतो, आणि ती हसून निघते. सोळा वर्षांच्या मुलीने हे बघावं का? विचार केला आणि वाटलं, बघावंच, आणि मी शेजारी असताना बघावं. सिनेमा त्या माणसाला कुठेही हिरो करत नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे करवली म्हणजे नवरीची धाकटी बहीण, नाहीतर चुलत, मामे, आते. मामा, आत्या, मावशी, प्रत्येकाला लग्नात काम नेमून दिलेलं. मैत्रिणीला? काही नाही. ती येते, मेंदी काढते, पंगतीत जेवते. इथे मैत्रिणीला मानाचं पद आहे, आणि पद आलं की क्रमवारी आली. शिवाय खर्च! कपडे, पार्ट्या, प्रवास, पुष्कळदा सगळं करवल्यांनीच आपापल्या पैशाने करायचं.

ॲनीची केकची बेकरी मंदीत बुडालेली. लहानपणापासूनची मैत्रीण लिलियन लग्न ठरवते आणि तिच्या आयुष्यात हेलन येते: श्रीमंत, देखणी, सगळं येणारी. विमानात हेलन तिला फर्स्ट क्लासचं तिकीट काढून देऊ पाहते आणि ॲनी हट्टाने मागे साध्या सीटवर बसते. पैशाने मैत्रिणींमध्ये कसा पडदा पडतो हे इतकं साधं आणि इतकं अचूक मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. (तिच्या शेजारी बसलेली घाबरट बाई म्हणजे ॲनी मुमोलो. तिने आणि क्रिस्टन विगने मिळून पटकथा लिहिली.)

आता आमच्या घरातलं. लेकीची एक मैत्रीण आहे, किंडरगार्टनपासूनची. गेल्या वर्षी ती पोहण्याच्या टीममध्ये गेली, नवीन मुली, नवीन ग्रुप. तिच्या सोळाव्या वाढदिवसाचा मोठा हॉल होता. लेकीला आमंत्रण होतं, पण टेबल शेवटचं. घरी येऊन "मस्त होतं" म्हणाली आणि खोलीत गेली. त्यानंतर आम्ही विचारायचं आणि तिने "काही नाही" म्हणायचं, असं तीन महिने चाललं होतं.

शनिवारी आम्ही दोघींनी सिनेमा बघितला. दुकानाच्या प्रसंगाला ती सोफ्यावरून खाली पडायची बाकी होती. बेडरूमच्या प्रसंगांना आम्ही दोघीही एकदम पॉपकॉर्नच्या वाडग्यात बघत होतो. मग तो समारंभ आला. ॲनी लहानपणच्या आठवणी जमवलेली घरगुती भेट देते, लिलियन गहिवरते, आणि लगेच हेलन पॅरिसची सहल देते. पॅरिसची कल्पना मुळात ॲनीचीच होती! लेकीने रिमोट उचलून सिनेमा थांबवला. पाणी प्यायला गेली, बराच वेळ आली नाही. मी गेले नाही तिच्या मागे.

परत आली आणि पुढचा सगळा बघितला. हेलन शेवटी गाडीत रडते, तिला एकही खरी मैत्रीण नाही, तिथे म्हणाली, "हेलन इतकी पण वाईट नाहीये." मी 'हं' म्हटलं. मग टीव्ही बंद करताना, पाठ माझ्याकडे असताना, "ती मला टाळत नाहीये गं आई. तिला फक्त माझी गरज नाही राहिली."

मग रात्री दीडपर्यंत बोललो. काय बोललो ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

धाकटा तेरा वर्षांचा आहे. सकाळी त्याने विचारलं, "तुम्ही दोघी एवढ्या काय हसत होतात?" त्याला सांगितलंय, अजून तीन वर्षांनी. आणि तोही माझ्या शेजारी बसूनच.