पंजाबची दैनंदिनी : खाली उतरणाऱ्या पायऱ्या

अमृतसर, सोमवार

देवाला जायचं म्हणजे चढायचं, ही आपली सवय. जेजुरी घ्या, सप्तशृंगी घ्या, धाप लागल्याशिवाय दर्शन नाही. हरिमंदिर साहिबला सगळं उलटं. जोडाघरात चपला दिल्या, डोक्याला रुमाल बांधला, घंटाघराच्या दारातून आत शिरलो तर पायऱ्या खाली जात होत्या. सरोवर गुरू रामदासांच्या काळातलं. मंदिर गुरू अर्जनदेवांनी उभारलं आणि १६०४ साली तिथे ग्रंथाची स्थापना केली. सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांच्या वेळचा, आणि फोटो सगळे त्याचेच काढतात.

मी जास्त रमलो लंगरमध्ये. पोळीला इथे ‘परशादा’ म्हणतात. ती ताटात पडत नाही, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. हिचं म्हणणं, त्या निमित्ताने वाढणाऱ्याकडे मान वर करून बघावं लागतं. जेवण झाल्यावर ही ताटं विसळायला उभी राहिली ती तासभर हलेना. घरी हेच काम कुणाचं, यावरून आमच्यात काय चालतं ते इथे लिहीत नाही.

गोइंदवाल, मंगळवार

येताना तरनतारनला थांबलो. सरोवर अफाट, पण ऊन असं की परिक्रमा उरकलीच म्हणायची.

गोइंदवालला गुरू अमरदासांची बावडी. पायऱ्या ८४, चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या हिशेबाने. नेमाचे भाविक दर पायरीला एक स्नान आणि जपजीचा एक पाठ करतात. त्यात अख्खा दिवस जातो. आम्ही नुसते उतरलो, ओंजळभर पाणी घेतलं, गुडघे सांभाळत वर आलो. गुरूंच्या भेटीआधी अकबरालाही इथे पंगतीत बसावं लागलं, असं परंपरा सांगते. बादशहाला जमिनीवर मांडी घालायला लावणारा नियम मला बावडीपेक्षाही खोल वाटला.

घुमान, बुधवार

२०१५ च्या साहित्य संमेलनामुळे हे नाव मराठी घरांत पोचलं. इथल्यांना ते संमेलन आठवतं, पण गाव ओळखलं जातं ते बाबा नामदेवांचं. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. गाथेच्या मानाने थोडी, पण ज्या ग्रंथापुढे सगळे माथा टेकतात त्यातली. समाधी इथलीच, असं घुमान म्हणतं. पंढरपूर महाद्वारातली पायरी दाखवतं. तो वाद इतिहासकारांनी घालावा. भक्तांच्या पायांखालची जागा ज्याने मागून घेतली, त्याला वर चढण्यापेक्षा खाली उतरायला लावणाऱ्या या मुलखाने आपलं म्हणावं, यात मला नवल वाटत नाही.

गुरुद्वाऱ्यात एका वृद्ध सरदारजींनी विचारलं, “बाबाजी दे पिंड तों आए हो?” आम्ही पुण्याचे. तरी ही चटकन “हांजी” म्हणाली, आणि चहाचे पैसे कुणी घेईना.

उद्या डेरा बाबा नानक. सरहद्दीपलीकडचं करतारपूर साहिब तिथून दिसतं म्हणतात, धुकं नसेल तर.